राहिलेल्या भेटी

2022च्या गुढीपाडव्याला महाराष्ट्रातले कोरोनाचे निर्बंध उठले. मास्कची सक्ती गेली, लग्नाचे हॉल आणि नाट्यगृहं पुन्हा भरू लागली. माणसांना मात्र वेळ लागला. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एकमेकांकडे बेल न वाजवता शिरणारी माणसं आधी फोन करून "येऊ का?" विचारू लागली होती, आणि कित्येक जण तेवढंही विचारेनासे झाले होते. बँकेतून निवृत्त झाल्यामुळे माझ्या हाताशी वेळ होता. मी आणि शेजारच्या काही जणींनी ठरवून जाणं-येणं सुरू केलं. त्यातून जे उमगलं ते इथे लिहिते.

1. समाचाराला उशिरा गेलं तरी चालतं

माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, दहा-बारा दिवस माणसांची रीघ असते, आणि प्रत्येकाला तीच हकिगत सांगता सांगता घरच्यांचं दुःख थोडं थोडं बाहेर पडतं. एप्रिल 2021मध्ये राज्यात दिवसाला साठ हजारांवर रुग्ण सापडत होते, तेव्हा यातलं काहीच झालं नाही. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, आणि कित्येकदा घरचेसुद्धा स्मशानात पोचू शकले नाहीत.

वर्षभराने अशा घरी जायचं म्हटलं की पाय अडतात. आता कशाला खपली काढायची, असं वाटतं. आम्ही तरीही मागच्या इमारतीतल्या काकांकडे गेलो. दुसऱ्या लाटेत त्यांची बायको गेली होती. त्यांनी पहिल्या तापापासून सगळं सांगितलं: ऑक्सिमीटरवरचा आकडा कसा उतरत गेला, बेडसाठी कुणाकुणाला फोन केले, शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर कसं झालं. "हे अजून कुणी विचारलंच नव्हतं," असं ते म्हणाले. मग कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. काकूंचा चष्मा, फोन आणि बांगड्या हॉस्पिटलमधून आल्या होत्या तशाच त्यात बांधलेल्या होत्या. एकट्याने ती सोडवायचं त्यांना धाडस झालं नव्हतं. आमच्यातल्या एकीने ती त्यांच्यासमोर सोडवली.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, अशा घरी गेल्यावर गेलेल्या माणसाचं नाव घ्या. त्यांच्या हातच्या कुठल्या पदार्थाची, त्यांच्या कुठल्या सवयीची आठवण असेल तर ती काढा. "झालं ते झालं" हे शब्द मात्र तोंडी येऊ देऊ नका. ज्याच्याकडे आजवर कुणी ऐकायला आलंच नाही, त्याच्यासाठी अजून काहीच होऊन गेलेलं नसतं.

2. मदत नेमकी सांगावी

"काही लागलं तर सांगा" असं म्हटल्यावर कुणीही काही सांगत नाही. "मी आत्ता स्टेशनजवळ चालले आहे, तुमच्या बीपीच्या गोळ्या आणते, चिठ्ठी द्या" असं म्हटलं की चिठ्ठी हातात येते. 2020मध्ये आमच्याकडे भाजी-दुधाची एकत्र यादी निघायची आणि तरुण मुलं मजल्यामजल्यावर पिशव्या पोचवायची. निर्बंध सरले तशी ती यादीही बंद पडली. ज्यांचे गुडघे तेव्हा दुखत होते त्यांचे अजूनही दुखतातच. मला बँकेतलं काम येतं, म्हणून दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळींच्या हयातीच्या दाखल्याचं मी अंगावर घेतलं आहे. कुणाचं बोट मशीनवर उमटत नाही, कुणाला ओटीपी सापडत नाही. बरोबर बसलं की काम होतं, आणि बोलणंही होतं.

3. डबा रिकामा परत करू नये

ही आपली जुनीच रीत. डब्यात चार लाडू येतात, जाताना त्यात कढीपत्ता किंवा मूठभर शेंगदाणे जातात. त्या दोन वर्षांत डब्यांचं फिरणं थांबलं होतं. ते पुन्हा सुरू करायला कुणीतरी पहिला डबा धाडावा लागतो, एवढंच.

4. समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा जास्त आनंद होतो

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला, तो 2022मध्ये छापून आला. त्यातला एक प्रयोग शिकागोतल्या एका बागेत, बर्फावर घसरायला आलेल्या लोकांवर केलेला होता. त्यांना गरम चॉकलेटचा पेला अनोळखी माणसाला द्यायची संधी दिली. घेणाऱ्याला किती आनंद होईल याचा देणाऱ्यांनी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. त्याच वर्षी पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की बऱ्याच दिवसांनी कुणाची चौकशी केली तर त्याला आपण समजतो त्यापेक्षा अधिक बरं वाटतं, आणि चौकशी अनपेक्षित असेल तर आणखीच.

जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन करू की नको, अशा घोळात आमची एक शेजारीण कित्येक दिवस होती. मी तिला हे सांगितलं. तिने माझ्यासमोरच फोन लावला.

5. गाडीतल्या ओळखींचे नंबर घेऊन ठेवावेत

लोकलच्या लेडीज डब्यात वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या बायका एकमेकींना माहेरच्यासारख्या असतात. गाडीतच भाजी निवडतात, डोहाळजेवणं करतात, नवरात्रातले रंग मिरवतात. आडनाव मात्र ठाऊक नसतं. मार्च 2020मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली. ऑक्टोबरात बायकांना ठरावीक वेळेत मुभा मिळाली. पुढे पुन्हा बंदी आली, आणि दोन डोस घेतलेल्यांना प्रवास करता येऊ लागला तो 15 ऑगस्ट 2021पासून. तोवर कुणाची नोकरी गेली होती, कुणाचं ऑफिस घरात आलं होतं, कुणी गावी परतलं होतं. आमच्या डब्यातल्या एका ताईंचा ठावठिकाणा लागायला फार दिवस लागले. कोपरच्या एकीला त्यांची इमारत तेवढी माहीत होती, तिथे जाऊन चौकशी केली. ताई सुखरूप होत्या, घरबसल्या पोळीभाजीचे डबे करत होत्या. आता त्यातले दोन डबे आमच्या ओळखीतल्या आजी-आजोबांकडे जातात.

6. दुखावलेल्यांकडे दुखावणाऱ्याने जावं

2020च्या उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब पॉझिटिव्ह आलं आणि मजला सील झाला. ते बरे होऊन घरी आले त्या दिवशी समोरच्या बाईंनी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. भीती सगळ्यांनाच होती. तरी लागलेलं दार लक्षात राहतं. 2022ची संक्रांत ओमायक्रॉनच्या लाटेत गेली. 2023च्या संक्रांतीला त्या बाई तिळगूळ घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तेव्हा मी चुकले." कारणं दिली नाहीत. माझ्या मते म्हणूनच ते निभावलं. आपण किती घाबरलो होतो हे सांगत बसलं की समोरच्यालाच आपली समजूत घालावी लागते.

7. घ्यायलाही शिकावं

दोन वर्षं संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. 2022च्या जूनमध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा मी पुण्यात बहिणीकडे होते. वारकऱ्यांचे पाय दाबून देणारे, चपला शिवणारे, दाढी करून देणारे लोक रस्त्याकडेला बसले होते आणि वारकरी संकोच न करता पाय पुढे करत होते. मग उठून सेवा करणाऱ्याच्याच पाया पडत होते. आपल्याला कुणी काही देऊ केलं की "कशाला, राहू दे" असं आपण म्हणतो. त्याने देणाऱ्याचा हात आखडतो. आता मी घेते.

8. हळदीकुंकवाचं आमंत्रण तिला आधी द्यावं

कोरोनाने कितीतरी तरुण बायका विधवा केल्या. मे 2022मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. मला तो ठराव फार मोलाचा वाटतो. पण हळदीकुंकू घराघरांत होतं. बोलवायचं की नाही, हे तिथली यजमानीण ठरवते.

आमच्या शेजारच्या विंगमध्ये कोरोनात नवरा गेलेली एक मुलगी आहे. मुलगीच म्हणते, वयाने माझ्या लेकीएवढी आहे. 2023च्या हळदीकुंकवाला ती आली नाही. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांबरोबर एकच निरोप गेला होता, आणि तो आपल्यासाठीही आहे की चुकून आला, हे तिला कळेना. पुढच्या वर्षी तिच्याकडे दोघी जणी प्रत्यक्ष गेल्या, सगळ्यांच्या आधी. "ये" एवढंच म्हणून त्या थांबल्या नाहीत. "वाण लुटायला तू माझ्याबरोबर उभी राहशील का?" असं विचारलं. ती सासूबाईंबरोबर आली. कुंकू लावताना तिच्या सासूबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच करंडा पुढे केला. आता सासूबाईही दरवर्षी येतात. यंदाच्या वाणासाठी कापडी पिशव्या त्या दोघीच शिवणार आहेत. कापड आणायला मी त्यांच्याबरोबर उल्हासनगरला जाणार आहे.