जबड्याच्या हाडाचे संशोधन : दंतवैद्यकातील एक दुर्लक्षित वाट

वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत एमबीबीएसची जागा थोडक्या गुणांनी हुकून बीडीएसची मिळाली, की आपल्याकडील पुष्कळ घरांवर उदासी पसरते. आणि पुढे काय, या प्रश्नाला वडीलधाऱ्यांजवळ दवाखाना हे एकच उत्तर असल्यामुळे, त्यासाठी लागणारे भांडवल आणि शहरांतील दवाखान्यांची दाटी यांचा हिशेब मांडताच त्या उदासीचे चिंतेत रूपांतर होते. अशा पालकांपुढे एक निराळी वाट ठेवावीशी वाटते, ती म्हणजे दंतरोपण, हाडाचे सांधणे आणि जबड्याचे विकार यांविषयी प्रत्यक्ष रुग्णांच्या साहाय्याने होणारे संशोधन. ज्याला उत्तरासाठी वर्षानुवर्षे थांबता येते आणि त्या काळाची चोख नोंद ठेवता येते, अशाच विद्यार्थ्याने या वाटेचा विचार करावा.

पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे स्वीडिश संशोधक १९५२ च्या सुमारास लुंड येथे सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे उपकरण बसवून तेथील रक्ताभिसरण न्याहाळीत होते. प्रयोग संपल्यावर ते काढू गेले, तो धातू हाडाशी एकजीव झालेला. महागडे उपकरण अडकून पडले म्हणून हळहळण्याऐवजी त्यांनी त्या घटनेचाच पाठपुरावा केला, प्राण्यांवरील प्रयोगांत आणखी अनेक वर्षे घालवली, १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात रोपण केले, आणि दंतवैद्यकाच्या जगाने त्यांचे म्हणणे खऱ्या अर्थाने मान्य केले ते १९८२ च्या टोरांटो येथील परिषदेनंतर. रोपण बसवल्यावर खालच्या जबड्यात सुमारे ३ महिने, आणि अधिक सच्छिद्र हाडाच्या वरच्या जबड्यात सुमारे ६ महिने, त्यावर दाताचा भार द्यावयाचा नाही, असा त्यांचा दंडक होता. धातूचा पृष्ठभाग खरबरीत करून ही मुदत पुढे बरीच कमी करता आली. परंतु मधुमेही रुग्णात ती किती असावी, तंबाखूच्या आहारी गेलेल्यात किती, हे प्रत्येक वेळी नव्याने पडताळावे लागते.

पडताळणीत कसूर झाली म्हणजे काय होते, याचा दाखलाही याच क्षेत्रात आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात जबड्याच्या सांध्यातील झिजलेल्या चकतीच्या जागी टेफ्लॉनयुक्त रोपणे सर्रास बसवली गेली. चावण्याच्या भाराखाली त्यांचे कण सुटू लागले, भोवतालचे हाड झिजले, काहींच्या बाबतीत ती झीज कवटीच्या तळापर्यंत पोहोचली, आणि ती रोपणे १९९० मध्ये बाजारातून परत बोलवावी लागली. ज्यांनी ती विश्वासाने बसवून घेतली, त्यांच्या वाट्याला पुढे जन्मभराच्या वेदना आल्या. हे वाचून ज्या विद्यार्थ्याच्या मनात कालवाकालव होईल, त्याची या कामाला गरज आहे.

महाराष्ट्रात तर या विषयाची निकड अधिकच आहे. सुपारी आणि गुटखा यांच्या सवयीने गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे झालेले तरुण आपल्या दंतमहाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांनी कोपनहेगनच्या पिंडबोर्ग यांच्यासह महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी करून १९७२ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, तो अशा संशोधनाचा वस्तुपाठ होय. २०२१ मध्ये काळ्या बुरशीमुळे ज्यांचा वरचा जबडा काढावा लागला, त्यांना पुन्हा घास चावता यावा म्हणून गालाच्या हाडात रोपणे बसवण्याचे उपाय योजले जातात. ती रोपणे किती काळ टिकतील, हे आता शिकत असलेल्या पिढीनेच पाहावयाचे आहे.

शिक्षणक्रम थोडक्यात सांगता येईल : बारावीनंतर नीट, आंतरवासितेसह ५ वर्षांचे बीडीएस, मग ३ वर्षांचे एमडीएस. त्यात मुखशल्यचिकित्सा, कृत्रिम दंतशास्त्र किंवा हिरड्यांचे शास्त्र या शाखांचा रोपणांशी निकटचा संबंध येतो. एमडीएससाठी प्रबंध सक्तीचा आहे, आणि तो केवळ पदवीपुरता उरकायचा की मनापासून करायचा, यावर पुढील वाटचाल बरीचशी अवलंबून राहते. बीडीएस चालू असतानाच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अल्पमुदतीच्या विद्यार्थी-शिष्यवृत्तीसाठी अर्ज करण्याची मुभा असते, ती दवडू नये. एमडीएसला प्रवेश न मिळाल्यास चाचण्यांचे समन्वयक म्हणून, किंवा संख्याशास्त्र अथवा सार्वजनिक आरोग्य शिकूनही, या कामात शिरता येते. मात्र प्रकल्पावरील नोकऱ्या बहुधा ठराविक मुदतीच्या असतात, ही गोष्ट पालकांपासून लपवून ठेवणे योग्य नव्हे.

आणखी एका गुणाची कोणी फारशी चौकशी करीत नाही. चाचणी सुरू होण्यापूर्वी नीतिसमितीची मंजुरी लागते, राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद करावी लागते, आणि प्रत्येक रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती घ्यावी लागते. ही संमती खेड्यातून आलेल्या मावशींना त्यांच्या बोलीत, धोका न लपवता आणि नकाराची वाट मोकळी ठेवून समजावणे, हे ज्या विद्यार्थ्याला साधते, तो मोठ्या योग्यतेचा संशोधक होऊ शकतो.

महाविद्यालय निवडताना पालकांनी इमारत आणि वसतिगृह जरूर पाहावे. परंतु विभागप्रमुखांना भेटून एवढे अवश्य विचारावे, की पाच वर्षांपूर्वी येथे रोपण केलेल्या रुग्णांपैकी किती जणांना पुन्हा बोलावून तपासले, आणि त्यांची क्ष-किरण चित्रे व कागदपत्रे दफ्तरी आहेत काय.