सी शार्पमधला एनम: आकडे हातानेच लिहा

१. एनममधल्या प्रत्येक नावापुढे आकडा स्वतः लिहा. नाही लिहिला तर कंपायलर ० पासून मोजत सुटतो: नवी ०, मंजूर १, रवाना २. पुढे कधीतरी कोणी ‘मंजूर’च्या आधी ‘तपासणी’ घुसवतो. रवानाचे ३ होतात आणि डेटाबेसमध्ये २ म्हणून पडलेल्या जुन्या, केव्हाच रवाना झालेल्या ऑर्डरी स्क्रीनवर ‘मंजूर’ दिसू लागतात. ना एरर, ना वॉर्निंग. गोदामातून फोन येतो, तेव्हा कळतं. त्यात आणखी एक गोम आहे. एनमचा आकडा तो वापरणाऱ्या डीएलएलमध्ये कंपाइल होतानाच पक्का बसतो. त्यामुळे एनमवाली एकच डीएलएल सर्व्हरवर बदलली, तर बाकीच्या जुनेच आकडे धरून बसतात. अशा वेळी सगळं पुन्हा बिल्ड करा, वाद घालू नका.

२. शून्याची जागा ‘अज्ञात’साठी राखा. फील्डला किंमत दिलीच नाही तर तिथे ० असतं, मग तुमच्या एनममध्ये ० असो वा नसो. शून्यावर ‘मंजूर’ बसवलेला कोड रिव्ह्यूला आला की मी आधी चहा मागवतो, कारण चर्चा लांबते.

३. एनम आहे म्हणजे किंमत बरोबरच असणार, हा भ्रम. तीनच नावं असलेल्या एनममध्ये ४२ कास्ट करून बघा, निमूट जातं. एनम-डॉट-पार्सला ‘४२’ हा आकडा मजकूर म्हणून इंग्रजी अंकांत दिला, तरी चालतो. बाहेरून आलेली किंमत इजडिफाइंडने तपासा आणि स्विचच्या डिफॉल्टमध्ये एक्सेप्शन फेका.

४. फ्लॅग्ज असतील तर १, २, ४, ८. वर फ्लॅग्ज लिहिलं म्हणून कंपायलर दुपटीने मोजत नाही. तिसऱ्या परवानगीला ३ दिलेत, तर पहिल्या दोन्ही असलेल्याला तीही फुकट मिळते. आणि इथे इजडिफाइंड कामाचं नाही. वाचायला, लिहायला अशी वैध जोडीही ते नाकारतं.

५. जागा वाचवायला बाइट वापरू का? बहुतेक वेळा गरज नसते. इंट राहू द्या.

६. जावावाल्यांनी हसू नये. २००४ च्या जावा ५ पासून त्यांचे एनम खरे ऑब्जेक्ट आहेत, त्यामुळे ४२ घुसत नाही हे खरं. पण ऑर्डिनल डेटाबेसमध्ये साठवलं की पहिल्या मुद्द्यातला गोंधळ तिथेही तस्साच होतो.

जुन्या प्रोजेक्टमधले बिनआकड्यांचे एनम आजच उघडा आणि आत्ता जे आकडे लागू आहेत तेच लिहून टाका. प्रोग्रॅमच्या वागण्यात काडीचा फरक पडत नाही.