ब्रिक्स मीटरला आधी साखर पाजा

आवळा कँडीचा पाक कढईत फेसाळला तर काळजी नाही. गार झालेल्या पिंपाचं झाकण काढल्यावर बुडबुडे आणि आंबूस वास आला, तर मात्र माल गेला म्हणून समजा. आमचा एक अख्खा लॉट असा गेला. साखर नेहमीची, आवळा ताजा, भांडी स्वच्छ. साखरवाल्यापासून धुणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांना नावं ठेवून झाली, पण पाकातलं साखरेचं प्रमाण दाखवणाऱ्या ब्रिक्स मीटरवर कुणाचा संशय गेला नाही. आकडा दिसला की माणूस वाद घालत नाही.

मीटर नवं होतं, 45 ते 82 ब्रिक्सचं. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, “काचेवर पाण्याचे दोन थेंब टाका, रेघ शून्यावर आणा, झालं.” हे खरं, पण 0 ते 32 च्या, रस मोजायच्या मीटरसाठी. 45 पासून सुरू होणाऱ्या पट्टीवर शून्य येणार कुठून? पाणी टाकलं की आत सगळं निळंच दिसतं, रेघ पट्टीच्या खाली राहते. आमच्याकडच्या मुलाने रेघ शोधत स्क्रू फिरवला आणि तसाच सोडला. तेव्हापासून मीटर पाचेक अंश जास्त दाखवत होतं.

कँडीसाठी फोडी आधी 50 च्या पाकात मुरवतात, मग 60, मग 70 च्या. आमचा पहिला पाक प्रत्यक्षात 45 चा. त्यात आवळ्याचं पाणी सुटून तो आणखी पातळ झाला. यीस्टची चंगळ झाली.

जास्त ब्रिक्सच्या मीटरबरोबर बहुधा काचेचा छोटा ठोकळा आणि तेलाची इवलीशी बाटली येते. ती मीटर लावण्यासाठीच असते. खोक्याबरोबर कचऱ्यात टाकू नका. रेघ कोणत्या आकड्यावर आणायची ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. तरीही खरी परीक्षा साखरेनेच घ्यावी, आणि तीही आपण जिथे मोजतो त्याच्या आसपास. शून्याला बरोबर असलेलं मीटर साठाला बरोबर असेलच असं नाही.

60 ग्रॅम साखर आणि 40 ग्रॅम पाणी, दोन्ही डिजिटल काट्यावर तोलून, झाकणाच्या बाटलीत घ्या. बाटली गरम पाण्यात ठेवून हलवत साखर पूर्ण विरघळवा. गार झाल्यावर पुन्हा तोला आणि उडालं असेल तेवढं पाणी घाला. हा झाला 60 ब्रिक्सचा पाक. बरेच जण इथेच घसरतात: 100 मिली पाण्यात 60 ग्रॅम साखर घालतात. 160 ग्रॅममध्ये 60 ग्रॅम साखर म्हणजे तो साडेसदतीसचा पाक. आणि 70 चा असा पाक करायला जाऊ नका. खोलीच्या तापमानाला 67-68 च्या पुढे साखर विरघळलेली राहत नाही, तळाशी खडे धरते.

आता तापमान. पट्टी 20 अंश सेल्सिअससाठी आखलेली असते. साधं मीटर 30 अंशांना साधारण पाऊण ब्रिक्स कमी दाखवतं. ‘एटीसी’ लिहिलेलं मीटर हा फरक आपोआप भरून काढतं, पण बहुतेकांत 10 ते 30 अंशांपर्यंतच. कढईतला उकळता पाक थेट काचेवर टाकणाऱ्याला एटीसी वाचवू शकत नाही. शिवाय गरम थेंबातलं पाणी उडत असतं, ते वेगळंच. चमचाभर पाक झाकणाच्या वाटीत गार करा, प्लॅस्टिकच्या ड्रॉपरने दोन-तीन थेंब टाका, झाकणी लावा, अर्धा मिनिट थांबा, मग बघा. स्टीलचा चमचा काचेला लावू नका, चरे पडतात. मीटर नळाखाली धुऊ नका, ओल्या मऊ कापडाने पुसा.

मोसम सुरू होताना आणि मीटर हातातून पडलं की दर वेळी ही चाचणी घ्या. फरक एक अंशाहून जास्त आला तर पाक आटवायच्या आधी मीटर नीट लावून घ्या. चाचणीला लागते ती तीन-चार रुपयांची साखर.