मोबाईलविना एक तास
(इयत्ता चौथी ते सातवीच्या शिक्षकांसाठी पाठ)



हिवरा आश्रम परिसरातील एका वर्गात मी मुलांना सहज विचारले, "सायंकाळी सात वाजता तुमच्या घरी कोण काय करते?" एक मुलगा म्हणाला, "आई स्वयंपाक करते. बाबा मोबाईल पाहतात, मग दादा पाहतो. माझा नंबर जेवणानंतर लागतो." प्रस्तुत पाठाचे प्रयोजन या उत्तरात आले आहे.

मुलांच्या हाती मोबाईल कसा आला, हे प्रथम प्रामाणिकपणे पाहावे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमात पाठ व स्वाध्याय आपणच मोबाईलवर पाठविले. त्या काळी ते आवश्यक होते. पुढे शाळा भरू लागल्या. मोबाईल मात्र मुलांच्या हातून सुटला नाही.

पुस्तकाला शेवटचे पान असते. अंधार पडला की मैदानावरचा खेळ थांबतो. मोबाईलवर एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते. त्यास शेवट नाही, म्हणून थांबण्याची वेळ आपणांसच ठरवावी लागते.

असा प्रयोग सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव या गावी, २०२२ साली सुरू झाला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजे आणि घरोघरी मोबाईल व दूरदर्शन संच बंद होत. साडेआठला भोंगा पुन्हा वाजे. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास व वाचन करावे, घरातील माणसांनी एकमेकांशी बोलावे, अशी योजना होती. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. दोन्हींमागील तळमळ एकच. परंतु वडगावचा नियम थोरामोठ्यांनाही लागू होता. मूल सांगितलेले विसरते, पाहिलेले विसरत नाही.

हिवरा आश्रमास हा विचार नवा नाही. शुकदास महाराजांनी येथे विवेकानंद आश्रम उभारला, आणि स्वामी विवेकानंदांच्या शिक्षणविचारात चित्ताच्या एकाग्रतेस मुख्य स्थान आहे.

कार्यवाही

१. स्वाध्याय शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहून द्यावा. सायंकाळी तो मोबाईलवर पाठवू नये. अन्यथा आपणच नियम मोडल्यासारखे होईल.

२. पालकसभेत सर्वांच्या संमतीने एक तास ठरवावा. शेतातून उशिरा परतणाऱ्या पालकांची सोय पाहावी. निकडीचे बोलणे करण्यास मुभा असावी.

३. तास रिकामा ठेवू नये. प्रकट वाचन, पाढे, आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून लिहून घेणे, असे काम द्यावे. केवळ वस्तू काढून घेतली तर मुलास ती शिक्षा वाटते.

४. मुलांनी वहीत रोजची नोंद ठेवावी. तीस गुण देऊ नयेत. गुणांसाठी मूल खोटे लिहील. आपणांस खरी नोंद हवी आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. मोबाईल बंद असताना घरात कोणकोणते आवाज ऐकू आले?

२. त्या तासात घरातील कोणाकडून कोणती नवी गोष्ट कळली?

३. कोणत्या दिवशी नियम पाळता आला नाही? का?

शिक्षकांसाठी प्रश्न

या आठवड्यात आपला स्वतःचा मोबाईल किती सायंकाळी तासभर बंद राहिला?

या प्रश्नाचे उत्तर वर्गात मुलांना सांगावे आणि मगच त्यांच्या वह्या तपासाव्यात.