जठर लहान झाले, सवयींचे काय?

स्थूलता कमी करण्याच्या शस्त्रक्रियेस काही तास पुरतात. मात्र त्यानंतर कसे जेवावे, हे शिकण्यास कित्येक महिने लागतात. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी वजन घटविण्यासाठी जठराला वळसा देणारी पहिली शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून तंत्र पुष्कळ बदलले. आज दुर्बिणीच्या साहाय्याने, लहान छेदांतून ही शस्त्रक्रिया भारतातील अनेक शहरांत होते. तथापि, शल्यविशारद जठराचा आकार बदलू शकतो. जेवणाऱ्याच्या सवयी त्याला स्वतःलाच बदलाव्या लागतात.

जठरात काय बदलते?

'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. 'बायपास' शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. भूक जागविणारे 'घ्रेलिन' हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. 'स्लीव्ह'मध्ये तोच भाग निघून गेल्याने सुरुवातीचे काही महिने भूक मंदावते आणि वजन झपाट्याने उतरते. नव्या सवयी लावून घेण्याचा हाच खरा काळ होय. पुढे भूक हळूहळू परतते. तोपर्यंत सवयी रुजल्या नसतील, तर उतरलेले वजन पुन्हा चढू लागते.

आहाराच्या पायऱ्या

नेमके वेळापत्रक शल्यविशारद व आहारतज्ज्ञ ठरवितात. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो :

• पहिले एक-दोन दिवस : पाणी, डाळीचे गाळलेले पाणी, पातळ सूप.
• साधारण दोन आठवड्यांपर्यंत : ताक, साय काढलेले दूध, प्रथिनयुक्त पेये.
• तिसरा व चौथा आठवडा : घोटलेले मूगडाळीचे वरण, दही, मऊ कुस्करलेले पनीर.
• पाचवा व सहावा आठवडा : मऊ इडली, उकडलेले अंडे, शिजवलेला मासा, मऊ भाज्या.
• त्यानंतर हळूहळू : नेहमीचे घरगुती अन्न, परंतु वाटीच्या मापाने.

बरे वाटू लागले म्हणून एखादी पायरी गाळणे धोक्याचे असते. आतील टाके भरून येत असताना घट्ट अन्न गेल्यास वेदना व उलट्या होतात.

जेवणाचे नवे नियम

१. प्रथम प्रथिने. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, तर १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणून ताटातील क्रमच बदलावा लागतो : आधी उसळ, घट्ट वरण, पनीर, अंडे वा मासा, मग भाजी, आणि जागा उरलीच तर पोळी किंवा भात.

२. लहान घास, सावकाश चर्वण. घास अगदी बारीक होईपर्यंत चावावा. वाटीभर अन्नासही वीस ते तीस मिनिटे द्यावीत.

३. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोटघोट पाणी प्यावे. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात जावे.

४. गोडाचा मोह टाळावा. विशेषतः बायपासनंतर साखर वेगाने आतड्यात उतरते आणि धडधड, घाम, चक्कर, जुलाब असा त्रास होऊ शकतो. यास 'डम्पिंग' म्हणतात.

५. थांबण्याची खूण ओळखावी. छातीखाली दाब जाणवणे, उचकी लागणे किंवा नाकातून पाणी येणे ही अनेकांच्या बाबतीत पोट भरल्याची सूचना असते. त्यापुढचा एक घास उलटीस कारणीभूत ठरू शकतो.

संस्कार आणि आग्रह

सर्वांत कठीण धडा मात्र जठराचा नसून मनाचा असतो. 'पानात टाकू नये' हा आपल्याकडील बालपणापासूनचा संस्कार. घरातील उरलेसुरले संपविण्याची जबाबदारी बहुधा गृहिणीच स्वतःकडे घेते. पंगतीत आग्रह हा तर आदरातिथ्याचा भाग. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीस हे सारे अडचणीचे ठरते. अन्नाचा अपमान टाळण्याचा मार्ग पान रिकामे करण्यात नाही, तर मुळातच कमी वाढून घेण्यात आहे. लहान ताटली व लहान चमचा येथे उपयोगी पडतो.

उपवासाच्या साबुदाण्यात पिष्ट भरपूर, प्रथिने नगण्य. कार्यालयातील गोड चहा, बिस्किटे, शेव-फरसाण हे पदार्थ लहान जठरातूनही सहज खाली उतरतात, पोट भरत नाहीत आणि उष्मांक मात्र देतात. वजन पुन्हा वाढण्याची वाट बहुधा येथूनच सुरू होते. म्हणून कुटुंबीयांनी आग्रह आवरणे, सहकाऱ्यांनी 'एकाने काय होते?' असे न म्हणणे, हीसुद्धा उपचाराची एक बाजू आहे.

आयुष्यभराचा हप्ता

अन्न कमी जाते आणि बायपासनंतर त्याचे शोषणही घटते. त्यामुळे जीवनसत्त्व ब-१२, ड, लोह व कॅल्शियम यांची पूरक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने कायम घ्यावी लागतात. शाकाहारी व्यक्तींत ब-१२ची उणीव आधीपासूनच असण्याचा संभव असल्याने त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. सतत उलट्या होत असल्यास थायमिन म्हणजे ब-१ कमी पडून मज्जासंस्थेस इजा होऊ शकते. अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठावे. मद्य बायपासनंतर वेगाने चढते, तर काही वेदनाशामक गोळ्यांनी व्रण होतात. या दोन्हींपासून दूर राहणे हितावह. नियमित रक्ततपासणी चुकवू नये.

कर्ज मंजूर झाले म्हणजे घर पूर्ण झाले असे नव्हे. त्यानंतर नियमित हप्ते भरावे लागतात. या शस्त्रक्रियेचेही तसेच आहे. मधुमेह आटोक्यात येणे, गुडघ्यांचा भार हलका होणे, जिना न थांबता चढता येणे, हे तिचे लाभ दीर्घकाळ टिकावेत, यासाठी रोजच्या पानावर बसताना थोडी शिस्त हवी आणि त्या पानाभोवती बसलेल्यांची साथही हवी.