सांगितलेले आत्मकथन : उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या आठवणी



स्वतः लिहिलेले स्वतःचे चरित्र म्हणजे आत्मचरित्र, ही व्याख्या आपण पाहिली आहे. तिच्यात सहज न बसणाऱ्या एका आत्मकथनाचा येथे विचार करू. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) यांनी उतारवयात आपल्या आठवणी नातू अझीझुद्दीन खाँ यांना उर्दूत सांगितल्या व नातवाने त्या लिहून घेतल्या.

खाँसाहेबांच्या जीवनातील निर्णायक प्रसंग म्हणजे आवाज गमावणे. आमलेटा येथील दरबारी असताना अतिगायनाने त्यांचा आवाज बसला. दीर्घ काळाने तो परतला. पण पूर्वीचा गोडवा परतला नाही. तेव्हा उरलेल्या आवाजाला पेलेल अशी लयप्रधान, पेचदार गायकी त्यांनी घडवली, असे मानले जाते. पुढे ते कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयास आले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांनी ती गायकी महाराष्ट्रात रुजवली.

येथे वाचकाने दोन काळ वेगळे ओळखावेत : भोगण्याचा आणि सांगण्याचा. सिद्धी लाभल्यानंतर मागे पाहताना आपत्ती ही पायरी वाटते. ज्या दिवशी गळ्यातून स्वर निघेना, त्या दिवशी मात्र ती पायरी नव्हती. केवळ अंधार होता. आत्मकथनातील शांत स्वरामागे दडलेली ही भीती वाचता आली पाहिजे.

तिसरा घटक श्रोत्याचा. नातू हा घराण्याचाही वारस. आजोबांनी त्याला काय सांगितले असेल, काय टाळले असेल, हा प्रश्न अविश्वासाचा नाही. तो वाचनाच्या शिस्तीचा आहे. शिवाय खाँसाहेबांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यामुळे शिष्यपरंपरेखेरीज त्यांचा 'आवाज' आपल्यापर्यंत पोहोचतो तो या लेखणीतूनच. लेखनिक हा येथे साक्षीदारही आहे आणि सहनिर्माताही.

सारांश : कथित आत्मकथनात सत्य एकट्या निवेदकाचे नसते. ते स्मरण, श्रवण आणि लेखन यांतून आकाराला येते.

उपक्रम : घरातील वा शेजारच्या वृद्ध व्यक्तीस आयुष्यातील एक कठीण प्रसंग सांगण्याची विनंती करा. तो त्यांच्याच शब्दांत लिहून त्यांना वाचून दाखवा. त्यांनी सुचविलेले बदल आणि आपण नकळत घातलेले शब्द अधोरेखित करा.

स्वयंअध्ययन प्रश्न : 'भोगण्याचा काळ' व 'सांगण्याचा काळ' यांतील अंतर आत्मकथनास कसे घडवते, ते सोदाहरण स्पष्ट करा.