आरशांचं गंगाळ

आजचं वाचन : निर्गम 30:17-21 आणि 38:8



खरं सांगू? निर्गमचे शेवटचे अध्याय आले की मी पानं भराभर उलटायचे. इतके हात लांब, इतके हात रुंद, खांब, बैठका, कड्या... यात माझ्यासाठी काय असणार? मग मंडळीतल्या लोकांबरोबर इस्राएलला जाण्याची संधी मिळाली आणि ही सगळी मापं मी पायांनी चालून पाहिली.

एलातच्या उत्तरेला सुमारे 30 किलोमीटरवर तिम्ना नावाचं खोरं आहे. हजारो वर्षांपूर्वी इथे तांब्याच्या खाणी होत्या. लालसर डोंगर, रणरणतं ऊन, आणि मधेच निवासमंडपाची पूर्ण आकाराची प्रतिकृती. सोनं खरं नाही, पण आकार शास्त्रातल्या मापांचा. एक हात म्हणजे साधारण 45 सेंटीमीटर धरा. अंगण 45 मीटर लांब, साडेबावीस मीटर रुंद. आतला मंडप मात्र साडेतेरा मीटर बाय साडेचार, म्हणजे जेमतेम 650 चौरस फूट. आपल्याकडचा टू बीएचके! आकाश ज्याला पुरत नाही, तो आपल्या लोकांमध्ये राहायला एवढ्याशा जागेत आला.

पूर्वेच्या दारातून आत गेलं की आधी होमवेदी लागते आणि तिच्यापुढे गंगाळ. तिथे मी सवयीप्रमाणे फोन काढला, सेल्फी घेतला. फोटो छान आला होता. तेवढ्यात गाइड म्हणाला, "हे कशापासून बनवलं होतं, आठवतंय?"

दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांपासून! तेव्हाचे आरसे काचेचे नव्हते. घासूनपुसून लख्ख केलेल्या धातूचे असत. त्या बायकांनी ते दिले आणि त्यांचं गंगाळ झालं. माझ्या हातात माझा आरसा होता. मी तो गुपचूप पर्समध्ये टाकला.

कारण मला दादा आठवला. आईच्या आजारपणातल्या खर्चावरून आमचं वाजलं होतं. सात महिने आम्ही बोललो नव्हतो. "त्याने एक रुपया दिला नाही," असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं. पण मी त्याच्याकडे कधी मागितलेच नव्हते, हे कुणाला सांगितलं नव्हतं. तरीही त्या काळात मी रोज उपासनेत गात होते, हे वचनही लिहीत होते.

आरसा चेहऱ्यावरचा डाग दाखवतो, पण तो पुसत नाही. म्हणून तर याकोब म्हणतो की माणूस आरशात पाहून निघून जातो आणि आपण कसे दिसतो ते विसरतो. (याकोब 1:23-24) पण देवाने त्या आरशांचं काय केलं पाहा. जे फक्त दाखवत होतं, त्याच्यात त्याने धुणारं पाणी भरलं. देवाचं वचन आपल्याला आपला डाग दाखवतं ते लाजवून हाकलण्यासाठी नाही, तर धुण्यासाठी.

आणखी एक गोष्ट. याजकांचं याजकपण एकदाच ठरलं होतं, तरी मंडपात जाताना दर वेळी त्यांना हातपाय धुवावे लागत. येशूनेही पेत्राला हेच समजावलं : ज्याचं स्नान झालं आहे त्याला फक्त पाय धुवायचे असतात. (योहान 13:10) वधस्तंभावर आपली क्षमा पूर्ण झाली आहे. पण रोजच्या वाटेची धूळ रोज धुवावी लागते.

गंमत म्हणजे होमवेदीची मापं दिली आहेत. गंगाळाचं माप कुठेच दिलेलं नाही. मला एवढंच वाटलं : इथलं पाणी माझ्यासाठी कमी पडणार नाही.

त्या रात्री हॉटेलमधून दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, मी खोटं बोलले. माफ कर." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जेवलीस का?"

सगळं अजून सुरळीत झालेलं नाही. पण आम्ही बोलतोय.

मनन : आज तुमचा आरसा तुम्हाला कुणाचं नाव आठवून देतो? प्रार्थनेला बसण्याआधी त्याला एक फोन कराल का?

प्रार्थना : हे प्रभू, माझे डाग मला दाखव आणि मी पळून जाण्याआधी मला धू. येशूच्या नावाने मागते, आमेन.